वायरलेस कीबोर्ड-माउस अडखळतात तेव्हा दोष कुठे शोधावा

वायरलेस कीबोर्ड किंवा माउस त्रास देऊ लागला की बहुतेक घरांत आणि कार्यालयांत दोनच उपाय केले जातात: सेल बदलले जातात, आणि तेवढ्याने भागले नाही तर नवा संच मागवला जातो. नव्या संचाचा डाँगल, म्हणजे कीबोर्ड-माउसचे संदेश ऐकणारा नखाएवढा यूएसबी तुकडा, जुन्याच पोर्टमध्ये खोचला जातो आणि थोड्याच दिवसांत तीच तक्रार पुन्हा ऐकू येते, कारण बिघाड पुष्कळदा उपकरणात नसून डाँगलच्या जागेत असतो. अशा कितीतरी तक्रारी मीटरभर लांबीच्या साध्या यूएसबी एक्स्टेंशन केबलने मिटतात. सगळ्या मात्र मिटत नाहीत, म्हणून आधी दोष कोणत्या प्रकारचा आहे हे ठरवावे आणि मगच हात खिशाकडे न्यावा.

तारेच्या कीबोर्डात कळ आणि संगणक यांच्यामध्ये फक्त एक केबल असते. वायरलेस संचात तिच्या जागी सेल, एक छोटा रेडिओ, त्याचे ऐकणारा डाँगल किंवा ब्लूटूथ, आणि वीज वाचवण्यासाठी या साऱ्यांना अधूनमधून झोपवणारी व्यवस्था एवढे सगळे येते. यांपैकी काय बिघडले आहे हे तपासताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. सेल, पोर्ट आणि टेबल असे तिन्ही एकदम बदलले आणि त्रास थांबला, तर नेमके कशाने थांबला हे कळत नाही आणि पुढच्या वेळी सगळी तपासणी मुळापासून करावी लागते.

लक्षणे काय सांगतात

कीबोर्डची अक्षरे गळतात आणि त्याच वेळी कर्सरही अडखळत पुढे सरकतो, असे दोन्ही एकत्र घडत असेल आणि दोन्ही उपकरणे एकाच डाँगलवर असतील, तर संशय रेडिओवर घ्यावा. गळणारे अक्षर दरवेळी वेगळे असेल तरीही तोच संशय योग्य ठरतो. याउलट ठरावीक एकच कळ उठत नसेल तर ती कळ झिजली आहे किंवा तिच्याखाली काहीतरी अडकले आहे असे समजावे. रेडिओ अक्षर पाहून गळती करत नाही.

मराठी टंकलेखन करणाऱ्यांना ही गळती इतरांच्या आधी जाणवते. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या कळफलकात अक्षराचा पाय मोडण्यासाठी इंग्रजी डीची कळ दाबावी लागते आणि तेवढी एक कळ पोहोचली नाही की ‘विद्या’चे ‘विदया’ होते. उच्चारानुसारी पद्धतीत एच गळला की ‘भात’चा ‘बात’ होतो. अशा चुका स्वतःच्या बोटांच्या आहेत असे मानून लोक महिनोन्महिने काढतात. खात्री करून घ्यायची असेल तर नोटपॅड उघडून एक ते शून्य हे आकडे क्रमाने, सावकाश आणि पुन्हा पुन्हा दाबावेत. सावकाश दाबूनही ओळीत आकडे कमी पडत असतील तर दोष बोटांचा नाही.

कधी कधी अक्षर गळण्याऐवजी एकच अक्षर ओळभर उमटत जाते. हे भुताटकीसारखे वाटले तरी त्याचे कारण सरळ आहे. कीबोर्ड कळ दाबल्याचा एक संदेश पाठवतो आणि सोडल्याचा दुसरा. दाबल्याचा संदेश पोहोचल्यानंतर संपर्क तुटला आणि सोडल्याचा वाटेत हरवला, तर संगणकाच्या दृष्टीने ती कळ अजून दाबलेलीच असते आणि तो इमानेइतबारे तेच अक्षर उमटवत राहतो. बॅकस्पेसच्या बाबतीत असे झाले तर लिहिलेला परिच्छेद डोळ्यांदेखत पुसला जातो. कळ खाली अडकून बसलेली नसेल, तर हाही रेडिओचाच दोष असतो.

थोडा वेळ हात थांबल्यानंतरचे पहिले अक्षर किंवा माउसची पहिली हालचाल वाया जात असेल, तर तो बहुधा बिघाड नसतो. सेल वाचवण्यासाठी उपकरण झोपी गेलेले असते आणि पहिल्या स्पर्शाने ते फक्त जागे होते. संकेतशब्द टाकण्यापूर्वी शिफ्टची कळ एकदा दाबून सोडावी, म्हणजे पहिले अक्षर गमावण्याची वेळ येत नाही.

कर्सर एकदोन सेकंद पूर्ण गोठतो आणि मग उडी मारून भलतीकडे जातो, अशा तक्रारीसाठी एक फार उपयोगी चाचणी आहे. तारेचा कोणताही जुना माउस सोबत जोडून ठेवावा आणि वायरलेस माउस गोठला की लगेच तो हलवून पाहावा. तारेचा माउसही त्याच क्षणी हलत नसेल तर संगणकच कशात तरी गुंतलेला आहे, आणि मग डाँगल, सेल, राउटर या कशालाही हात लावण्याचे कारण उरत नाही.

रेडिओशी काहीही संबंध नसलेल्या दोन तक्रारी इथेच बाजूला काढाव्यात. एक क्लिक केले असता दोन क्लिक होणे, किंवा फाइल ओढून नेताना ती मध्येच सुटणे, हा बटणाखालच्या बारीक स्विचचा दोष आहे. आतली धातूची पट्टी झिजली किंवा तिच्यावर थर चढला की एकाच दाबात संपर्क दोनदा होतो. स्विच बदलून मिळतो, पण डाग देण्याची मजुरी आणि स्वस्त माउसची किंमत यांत फारसे अंतर नसते. दुसरी तक्रार म्हणजे क्लिक बिनचूक होतात पण कर्सर थरथरतो किंवा एकाच दिशेने नीट सरकत नाही. अशा वेळी माउस उलटा करून सेन्सरच्या भिंगापाशी केस किंवा धूळ अडकली आहे का ते पाहावे आणि मग साध्या कागदावर फिरवून पाहावा. काचेच्या किंवा चकचकीत सनमायकाच्या टेबलावर साधा ऑप्टिकल सेन्सर गोंधळतो, कारण त्याला पकडण्यासारखे बारकावे त्या पृष्ठभागावर नसतात.

डाँगलची जागा

बाजारातले बहुतेक वायरलेस संच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. हा पट्टा २४०० पासून २४८३.५ मेगाहर्ट्झपर्यंत पसरलेला आहे आणि त्याच्या वापरासाठी परवाना लागत नाही, त्यामुळे वाय-फाय, ब्लूटूथ, वायरलेस हेडफोन आणि मायक्रोवेव्ह ओव्हन हे सगळे याच ८३.५ मेगाहर्ट्झमध्ये दाटीवाटीने राहतात. पण माउसचा सर्वांत त्रासदायक शेजारी यांपैकी कोणीही नाही. तो त्याच संगणकाच्या अंगावर, डाँगलला खेटून असतो, आणि तो म्हणजे यूएसबी ३.० चे पोर्ट.

यूएसबी ३.० मधून माहिती सेकंदाला ५ गिगाबिट या वेगाने धावते आणि या वेगामुळे निर्माण होणारा विद्युत गोंगाट शून्यापासून ५ गिगाहर्ट्झपर्यंत पसरतो. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा त्याच्या ऐन मध्यावर येतो, त्यामुळे डाँगलला तो गोंगाट गाळून टाकता येत नाही. इंटेलने एप्रिल २०१२ मध्ये या विषयावर एक तांत्रिक टिपण प्रसिद्ध केले होते. यूएसबी ३.० ची बाह्य हार्ड डिस्क जोडल्यावर या पट्ट्यातला गोंगाट सुमारे २० डेसिबलने वाढतो, म्हणजे त्याची शक्ती जवळजवळ शंभरपट होते, असे त्यात मोजमापासह दाखवले होते. हा गोंगाट संगणकाच्या पोर्टमधून, हार्ड डिस्कच्या जोडणीतून आणि केबलमधूनही बाहेर पडतो. शेजारच्या पोर्टमध्ये हार्ड डिस्क आणि इकडे डाँगल, म्हणजे मांडवात लाउडस्पीकरला पाठ लावून बसलेल्या माणसाशी समोरून कुजबुजत बोलण्यासारखे आहे.

म्हणून पहिली तपासणी ही करावी: हार्ड डिस्क, पेन ड्राइव्ह, एका पोर्टची अनेक पोर्ट करून देणारा यूएसबी-सी हब किंवा डॉक यांपैकी जे काही जोडलेले असेल ते सुरक्षितपणे काढून ठेवावे आणि अर्धा तास नेहमीचे काम करून पाहावे. त्रास गेला तर गुन्हेगार सापडला. पातळ लॅपटॉपला दोनच पोर्ट असल्यामुळे हब घ्यावा लागतो, त्याच हबमध्ये मॉनिटर, हार्ड डिस्क आणि माउसचा डाँगल हे सगळे एकमेकांना चिकटून बसतात, आणि माउस अडखळण्यासाठी याहून सोयीची मांडणी शोधूनही सापडणार नाही. लॅपटॉपला दोन्ही बाजूंना पोर्ट असतील तर हब एका बाजूला ठेवून डाँगल दुसऱ्या बाजूला लावावा.

डेस्कटॉप संगणकाचा प्रश्न थोडा वेगळा आहे. डाँगल पुन्हा पुन्हा काढावा लागू नये म्हणून तो कॅबिनेटच्या मागच्या बाजूला लावला जातो आणि कॅबिनेट टेबलाखाली जाते. मग कीबोर्ड आणि डाँगल यांच्यामध्ये पत्र्याचा डबा, लाकडी फळी, कधी स्टीलचे टेबल आणि बसलेल्या माणसाचे गुडघे एवढे सगळे येते. पत्र्यातून ही लहर आरपार जात नाही आणि पाण्याने भरलेले मानवी शरीर तिला बऱ्यापैकी शोषून घेते. खोक्यावर दहा मीटरचा पल्ला छापलेला असूनही दीड मीटरवर अक्षरे गळतात, ती यामुळे.

दोन्ही प्रसंगांत इलाज एकच आहे. यूएसबी २.० ची एक्स्टेंशन केबल घ्यावी, डाँगल तिच्या टोकाला लावावा आणि ते टोक टेबलावर, कीबोर्ड आणि माउसपासून वीतभर अंतरावर, मॉनिटरच्या पायथ्याशी चिकटपट्टीने पक्के करावे. मोकळ्या जागेत अंतर दहापट कमी झाले की पोहोचणाऱ्या लहरीची शक्ती शंभरपट होते, म्हणजे दीड मीटरवरचा डाँगल पंधरा सेंटिमीटरवर आणला तर हार्ड डिस्कने वाढवलेल्या गोंगाटाइतकीच भर संदेशाच्या बाजूला पडते. शिवाय डाँगल गोंगाटापासून दूर जातो तो फायदा वेगळाच. केबल मुद्दाम २.० चीच मागावी, कारण डाँगलला तेवढीच पुरते आणि तीत वेगवान माहितीच्या तारा नसतात. जुन्या संगणकांवर २.० ची पोर्ट आतून काळी किंवा पांढरी आणि ३.० ची निळी असतात, पण आजकालच्या लॅपटॉपवर या रंगांचा नेम राहिलेला नाही, त्यामुळे पोर्टशेजारी ३.० ची, दोन इंग्रजी एस असलेली, खूण आहे का ते पाहावे.

यानंतरही त्रास उरला तर राउटरकडे वळावे. राउटर टेबलावर शेजारी ठेवला असेल तर तो दोनतीन मीटर लांब न्यावा आणि संगणकाचे वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर घ्यावे. २.४ चे जाळे जुन्या फोनसाठी चालू ठेवणे भाग असेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये त्याची चॅनेल रुंदी, म्हणजे तो पट्ट्याचा किती भाग वापरतो ते माप, ४० वरून २० मेगाहर्ट्झवर आणावी, कारण ४० वर ठेवलेला एकच राउटर अर्धा पट्टा अडवतो. मुंबई-पुण्याच्या मोठ्या सोसायट्यांमध्ये शेजाऱ्यांचे राउटर आपल्या हातात नसतात, आणि म्हणूनच डाँगल जवळ आणण्याच्या उपायाला तिथे अधिक महत्त्व आहे. मायक्रोवेव्हचा अडथळा ओळखणे सोपे असते. स्वयंपाकघरात ओव्हन चालू असेपर्यंतच तो टिकतो.

डाँगल नसून ब्लूटूथ असेल तर

ब्लूटूथ उपकरणे एका चॅनेलवर ठाण मांडून बसत नाहीत. क्षणोक्षणी चॅनेल बदलत राहणे हा त्यांचा मूळ स्वभाव आहे, आणि २००३ साली आलेल्या १.२ आवृत्तीपासून गर्दीचे चॅनेल ओळखून ते टाळण्याची सोयही त्यांत आहे. तरीही लॅपटॉपमध्ये वाय-फाय आणि ब्लूटूथ बहुधा एकाच चिपवर असतात आणि पुष्कळदा अँटेनाही वाटून घेतात, त्यामुळे २.४ च्या वाय-फायवरून मोठी फाइल उतरवत असताना माउस जड झाल्यासारखा वाटतो. वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर नेल्यावर हा त्रास जवळजवळ नाहीसा होतो. डेस्कटॉपमध्ये ब्लूटूथ असेल तर मदरबोर्डसोबत आलेला अँटेना मागे लावला आहे की खोक्यातच राहिला आहे हे आधी पाहावे. तो न लावताही माउस चालतो, पण जेमतेम.

वारंवार संपर्क तुटत असेल तर नुसते बंद-चालू करून भागत नाही. संगणकाच्या यादीतून उपकरण काढून टाकावे, उपकरणावरचे पेअरिंगचे बटण दाबून धरावे आणि जोडणी नव्याने करावी. एकच कीबोर्ड फोनला, टॅबलेटला आणि लॅपटॉपला जोडलेला असेल तर लिहिलेली अक्षरे खोलीतल्या दुसऱ्याच उपकरणावर जात नाहीत ना, हेही पाहावे. एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर एका बाजूला पेअर केलेला माउस दुसरीकडे ओळखला जात नाही, कारण प्रत्येक प्रणालीकडे जोडणीची गुप्त किल्ली वेगळी असते. तीन उपकरणांची सोय असलेला माउस असेल तर पहिली जागा विंडोजला आणि दुसरी लिनक्सला द्यावी, म्हणजे दरवेळी नव्याने पेअर करावे लागत नाही.

सेल आणि चार्जिंग

सेल बदलणे हा पहिला उपाय नव्हे, पण बदलायचे तर नीट बदलावेत. पेन्सिल सेल असोत की रिमोटमधले बारीक सेल असोत, ते अल्कलाइन घ्यावेत. दुकानात गल्ल्यावर मिळणारे साधे झिंक-कार्बन सेल घड्याळाला चालतात. माउसचा रेडिओ मात्र क्षणभरच, पण झटक्याने वीज ओढतो आणि त्या क्षणी या सेलचा व्होल्टेज खाली बसतो. नवा आणि जुना सेल एकत्र घालू नये. रिचार्जेबल निकेल सेल वापरायला हरकत नाही, पण त्यांचा व्होल्टेज १.५ ऐवजी १.२ असतो आणि तो शेवटपर्यंत जवळजवळ तसाच राहून एकदम कोसळतो, म्हणून पडद्यावर दिसणाऱ्या टक्केवारीवर भरवसा ठेवू नये.

कोकणात आणि एकूणच पावसाळ्यात सेलच्या स्प्रिंगवर गंज किंवा थर चढतो आणि नवे सेल घालूनही उपकरण मध्येच बंद पडते. खोडरबराने किंवा कोरड्या कापडाने स्प्रिंग आणि पट्टी घासून घ्यावी. अल्कलाइन सेल गळून पांढरी भुकटी जमली असेल तर ती क्षारयुक्त असते. कापसाच्या काडीने थेंबभर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून ती पुसावी, मग पाण्याने किंचित ओलसर काडी फिरवावी आणि पूर्ण वाळल्याशिवाय सेल घालू नयेत. हे करताना ती भुकटी डोळ्यांत जाणार नाही याची काळजी घ्यावी. महिनाभर वापर होणार नसेल तर सेल काढूनच ठेवावेत.

आतल्या लिथियम बॅटरीवर चालणारा माउस चार्जिंगला लावल्यावर तारेचा माउस बनतोच असे नाही. काही उपकरणांत केबलमधून फक्त वीज जाते आणि माहिती रेडिओनेच जाते, त्यामुळे केबल लावूनही त्रास थांबला नाही म्हणून बिघाड माउसमध्येच आहे असा निष्कर्ष काढू नये. ॲपलने तर २०१५ च्या मॅजिक माउसचे चार्जिंगचे पोर्ट त्याच्या पोटाखाली दिले, म्हणजे चार्ज होत असताना तो उताणा पडून राहतो आणि त्याच्याकडून काम करून घेण्याचा प्रश्नच मिटतो. असे उपकरण रात्री चार्ज करण्याची सवय लावून घ्यावी. बॅटरी फुगून माउसचे कवच वर आले असेल तर मात्र चार्जिंग तत्काळ थांबवावे.

संगणकच डाँगलला झोपवतो तेव्हा

लॅपटॉप बॅटरीवर असतानाच त्रास होतो आणि चार्जर लावला की थांबतो, किंवा संगणक झोपेतून उठल्यावर माउस मिळत नाही, अशा वेळी विंडोजची वीजबचत तपासावी. कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्समध्ये चालू योजनेच्या प्रगत सेटिंगपर्यंत जावे, तिथे यूएसबी सेटिंग्जखाली यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड हा पर्याय असतो, तो डिसेबल करावा. त्यानंतर डिव्हाइस मॅनेजर उघडून यूएसबी रूट हब आणि ब्लूटूथ अडॅप्टर यांच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर जावे आणि वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची संगणकाला मुभा देणारी खूण काढावी. काही नव्या लॅपटॉपवर हे पान दिसतच नाही. तिथे लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून ब्लूटूथचा आणि चिपसेटचा ड्रायव्हर अद्ययावत करणे हाच मार्ग उरतो. लिनक्सवर पॉवरटॉप या वीजबचतीच्या प्रोग्रामची स्वयंचलित जुळणी चालवली असेल तर ती माउसलाही झोपवते, तेवढी नोंद पुन्हा बदलून घ्यावी.

उपकरणाचे फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आत बसवलेला प्रोग्राम, तेही एकदा अद्ययावत करावे, विशेषतः डाँगल जुना असेल तर. २०१६ साली बॅस्टिल या सुरक्षा-संशोधन कंपनीने माउसजॅक नावाने जे दोष उघड केले, त्यांत अनेक नामवंत कंपन्यांच्या डाँगलना काही अंतरावरून खोटे कळदाब पाठवता येत होते. आपोआप अक्षरे उमटण्याच्या बहुतेक तक्रारींमागे असे काही नसते, तरी ज्या जुन्या डाँगलला सुधारणाच मिळत नाही त्यावर बँकेचे व्यवहार करणे मला योग्य वाटत नाही.

नवा संच घ्यायचाच असेल तर

खोक्यावरचा भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक पाहावा. वायरलेस कीबोर्डला तो सक्तीचा आहे. मात्र तो विद्युत सुरक्षेपुरता असतो, अक्षरे गळणार नाहीत याची हमी त्यात नाही. त्यापेक्षा डाँगल हरवला तर काय, हा प्रश्न दुकानदाराला विचारावा. स्वस्त संचांत डाँगल आणि कीबोर्ड यांची जोडी कारखान्यातच जुळवलेली असते, आणि नखाएवढा तो डाँगल गेला की चांगला चालणारा कीबोर्ड निरुपयोगी होतो. लॉजिटेकच्या २००९ च्या युनिफाइंग आणि २०२१ च्या बोल्ट डाँगलवर प्रत्येकी सहा उपकरणे जोडता येतात आणि डाँगल सुटाही मिळतो, पण या दोन पद्धतींची उपकरणे एकमेकांच्या डाँगलवर चालत नाहीत. ब्लूटूथ आणि डाँगल दोन्हींची सोय असलेला संच मिळत असेल तर मी तोच घेण्याचा सल्ला देईन, कारण एक वाट बंद पडली तरी दुसरी राहते.

आणि घरातला तारेचा जुना कीबोर्ड भंगारात देऊ नये. बहुतेक विंडोज संगणकांवर ब्लूटूथ कीबोर्ड प्रणाली सुरू झाल्यानंतरच जागा होतो. त्याआधी बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या प्राथमिक सेटिंगमध्ये, जायचे असेल, बूटचा क्रम बदलायचा असेल किंवा कूटबद्ध डिस्कचा संकेतशब्द द्यायचा असेल, तर डाँगलचा किंवा तारेचा कीबोर्डच लागतो. घरून द्यायची ऑनलाइन परीक्षा, दूरस्थ मुलाखत किंवा शेवटच्या तारखेला भरायचा अर्ज असेल, तर त्या दिवसापुरता तरी तो जोडूनच बसावे.